बोट ठेवलं ती जागा

कचऱ्याच्या पिवळ्या डब्यावर हात आडवा धरून त्या उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "फेकू नको. पहिले दख."

दख म्हणजे बघ. अहिराणीतलं हे क्रियापद मी सुरतेतच शिकले, पण घरी नाही. आमचं घर वडिलांच्या बँकेतल्या बदलीने इथे आलेलं, अडाजणला स्थिरावलेलं आणि 'शुद्ध' बोलण्याचा थोडा तोरा बाळगणारं. उधन्याच्या बाजूला अर्धा खानदेश राहतो हे आम्हांला ठाऊक होतं, पण ते नुसतं ठाऊक होतं. कुणाच्या घरी कधी गेलो नव्हतो.

अशा बाईला तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. प्रत्येक दवाखान्यात एक असते. कागदावर नाव साहेबांचं, फोटोत चेहरा साहेबांचा आणि काम हिच्या हातचं. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर एक लहानशी संशोधनाची प्रयोगशाळा होती. तिथे त्या सीनियर टेक्निशियन होत्या. सगळं हॉस्पिटल त्यांना 'बेन' म्हणायचं. मीही तिथे कामाला लागले त्या पहिल्या दिवशी तसंच म्हटलं, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू मराठी ना वं? मंग बेन कसाले?" त्या दिवसापासून त्या माझ्या ताई झाल्या आणि मी त्यांची 'पोरी'. तेव्हा मी तिशीला टेकले होते, पण त्यांच्यापुढे ते सांगायची हिंमत झाली नाही.

आमच्या लॅबचं काम गुडघ्यावरचं. हॉस्पिटलात गुडघे बदलायची ऑपरेशनं होत. त्यातला काढून टाकलेला भाग, पेशंटच्या परवानगीने, बर्फाच्या डब्यातून वर यायचा. हाडाच्या टोकावर एक गुळगुळीत, पांढरी गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. गुडघे झिजले असं आपण म्हणतो तेव्हा ही गादी झिजलेली असते. आम्ही ती खरवडून तिच्या पेशी वाढवायचो. आमच्या लॅबचे प्रमुख, सर, यांचं सगळं आयुष्य या गादीवर गेलं होतं.

पण डब्यात गादी एकटी येत नाही. तिच्याबरोबर चरबी येते, स्नायूचे धागे येतात आणि एक पातळसा गुलाबी पापुद्रा येतो. सांधा म्हणजे एक बंद पिशवी धरा, तर हा पापुद्रा त्या पिशवीचं आतलं अस्तर. ते आम्ही सोलून टाकायचो. पद्धतच तशी लिहून ठेवलेली होती: नमुना स्वच्छ करा. स्वच्छ करा म्हणजे अस्तर पिवळ्या डब्यात टाका.

त्यातूनही अस्तराच्या काही पेशी फ्लास्कमध्ये शिरायच्याच. गादीच्या पेशी गोलसर, मंद, आपल्या जागी बसून राहणाऱ्या. अस्तराच्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि भराभर वाढणाऱ्या. आठवड्याभरात त्या सगळा फ्लास्क व्यापायच्या. सर त्यांना घुसखोर म्हणायचे. लांबट पेशी दिसल्या की फ्लास्क बाद, हे मला इतकं पाठ झालं होतं की मायक्रोस्कोपला डोळा लावून दोन सेकंदांत मी निकाल द्यायचे. मला त्याचा अभिमानही होता.

ताईंना ते खटकायचं. "घरमा ऱ्हास तो घुसखोर कसा?" त्या विचारायच्या. गुडघ्याच्या आतच राहणारी पेशी, तिला बाहेरची का ठरवता? प्रश्न बिनतोड होता, पण टेक्निशियनचा होता, त्यामुळे कुणी मनावर घेतला नाही.

त्यांना हा प्रश्न का पडला, ते त्यांच्याबरोबर एकदा जिना उतरल्यावर कळायचं. त्या जिना समोर तोंड करून उतरायच्याच नाहीत. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडव्या होऊन, एकेक पायरी. उजवा गुडघा. लिफ्ट बंद पडली की आम्ही लिफ्टवाल्याला शिव्या घालायचो आणि त्या शांतपणे पदर खोचून कठड्याकडे वळायच्या. मध्ये एका पायरीवर थांबून गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा वर, एकाच ठिकाणी बोट दाबायच्या. नेहमी त्याच ठिकाणी.

आणि एवढं असून त्यांचा एक्स-रे चांगला होता.

हेच त्यांच्या जन्माचं दुखणं. खाली ऑर्थोपेडिकचे डॉक्टर होते, भला माणूस, त्यांनी तीनदा फोटो काढला आणि तिन्ही वेळा प्रेमाने सांगितलं, "बेन, फोटामां एवुं कंई नथी." वजन कमी करा, व्यायाम करा, फार विचार करू नका. उलट आमच्याकडे असेही पेशंट यायचे, ज्यांचा फोटो पाहून आपल्याच गुडघ्यात कळ यावी, आणि ते बारडोलीहून बसने उभ्याने आलेले असायचे. ताई दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. "फोटो सारखा, दुखणं येगळं. फोटो येगळा, दुखणं सारखं. मंग दुखस ते कोण?" गादीला तर नस नसते, ती दुखणार कशी, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. नसा अस्तरात असतात. आणि अस्तर आम्ही रोज डब्यात टाकत होतो.

घरी तर फोटोने त्यांचं फारच वाईट केलं. त्यांचे यजमान उधन्याला लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, मास्तर होते. सगळी चाळ त्यांना मास्तरच म्हणायची. माणूस कडक, पण दुष्ट नव्हे. रोज संध्याकाळी बायकोला आणायला हॉस्पिटलच्या फाटकाशी स्कूटर घेऊन उभे राहायचे. पण एकदा डॉक्टरांनी फोटो चांगला आहे म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय संपला. बायको कण्हली की म्हणायचे, "फोटो चांगला शे ना." ताई मला हे हसून सांगायच्या. हसता हसता म्हणाल्या होत्या, "पोरी, दुखस त्याचं काय नही वं. दुखस म्हणून कोणी मानत नही, ते दुखस." 

त्यांनी मग जे केलं ते त्यांच्याच स्वभावाला शोभणारं होतं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एका सकाळी नमुना सोलताना अस्तराचा पापुद्रा चिमट्यात धरून त्या सरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, याच्याही पेशी वाढवून बघू.

सर म्हणाले, "बेन, आ तो कचरो छे."

"कचरो छे तो मने आपी दो," ताई म्हणाल्या, म्हणजे मला देऊन टाका.

सर हसले आणि हरले. एथिक्स कमिटीकडे अर्ज गेला, परवानगी आली, पण अट अशी की गादीचं काम संपल्यावर उरलेल्या वेळात करायचं. ताईंचा उरलेला वेळ म्हणजे जेवणाची सुट्टी. डब्यातली कळण्याची भाकरी उभ्या उभ्या खायची आणि हात धुऊन हूडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचपेटीसमोर, बसायचं.

त्यांची पद्धत मला आधी हास्यास्पद वाटली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या वॉर्डात जायच्या, पेशंटच्या खाटेशी खुर्ची ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "कोठे दुखस तठे एक बोट ठेवा." पेशंट आधी सगळा हात फिरवायचे. "हात नको. बोट." मग बोट हळूहळू फिरत कुठेतरी थांबायचं. ताई कागदावर गुडघा काढायच्या, रांगोळीच्या हाताने, आणि नेमक्या त्या जागी एक टिंब द्यायच्या. तो कागद सर्जनकडे. दुसऱ्या दिवशी दोन नळ्या वर यायच्या: एक टिंबाच्या जागेचं अस्तर, एक दुसऱ्या, न दुखणाऱ्या जागेचं. फ्लास्कवरच्या चिठ्ठीवरही नंबरासोबत तेच चित्र. एकावर टिंब असलेला गुडघा, दुसऱ्यावर नुसता. कित्येक पेशंट त्यांना सांगायचे, इतकी वर्षं झाली, बोट ठेवा असं कुणी म्हटलंच नाही.

निरोगी गुडघ्यात या अस्तराच्या पेशी वंगण बनवतात. सांधा सरसर फिरतो तो त्यांच्या जिवावर. पण बिघडल्या की त्याच पेशी सूज आणणारी द्रव्यं सोडतात, गादी कुरतडणारे रस सोडतात, आसपासच्या नसांना डिवचतात. हे जगभरची माणसं शोधत आहेत आणि लिहीत आहेत. ताईंना हवं होतं ते एवढंच: बोट ठेवलेल्या जागेच्या पेशी आणि शेजारच्या पेशी वेगळ्या वागतात का, हे आपल्या डोळ्यांनी बघायचं.

पहिला चांगला जोड जमला तो बारडोलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा. त्यांनी बोट अजिबात न फिरवता ठेवलं होतं. तीन आठवडे ताईंनी दोन्ही फ्लास्क जपले. दर तिसऱ्या दिवशी मीडियम बदलायचं, म्हणजे पेशींचं जेवण. "पोरीस्नी खादं का?" अशी रोज चौकशी.

तेवढ्यात श्रावण आला. खानदेशी घरांत श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. सुरतेत राहून पिढी गेली तरी त्या रविवारी उधन्याच्या गल्लीगल्लीत कानबाईची गाणी ऐकू येतात. ताईंनी मला दर्शनाला बोलावलं. गेले. घरात पन्नासेक भाऊबंद. सगळ्या जावा-नणंदा जमिनीवर मांडी घालून पुरणपोळ्या लाटत होत्या, आणि ताई ओट्याशी उभ्या होत्या. सकाळपासून उभ्या. कुणीतरी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, तशी एक जाऊ मोठ्याने म्हणाली, "कानबाईसमोर खुर्ची? आमनाबी गुडघा दुखतस." सगळ्या हसल्या. मी मास्तरांकडे पाहिलं. ते कुणाला तरी पाणी देत होते. न पाहताच म्हणाले, "डॉक्टरनी सांगं, फोटो चांगला शे."

ताईंनी खुर्ची भिंतीला लावून ठेवली. त्या खाली बसल्या. कशा बसल्या ते मी पाहिलं, आणि उठताना कशा उठल्या तेही. दोन्ही तळवे जमिनीला टेकवून, दात आवळून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मास्तरांचा भयंकर राग आला. घरी जाताना रिक्षात मनातल्या मनात मी त्यांना खूप सुनावलं. न बघताच निकाल देणारा माणूस, असं काहीबाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारी ताई कानबाईच्या विसर्जनाला सुट्टीवर. लॅबमध्ये मी एकटी. इन्क्युबेटर आवरायला घेतला. मागच्या फळीवर एक फ्लास्क दिसला, मायक्रोस्कोपखाली धरला. लांबट पेशी, गच्च भरलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. दोन सेकंद. घुसखोर. फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं आणि पुढचा हातात घेतला. तेव्हा कुठे चिठ्ठीकडे लक्ष गेलं. या चिठ्ठीवर नुसता गुडघा होता. म्हणजे ओतून टाकलेल्यावर, बारडोलीच्या शिक्षिकाबाईंच्या जोडातल्या फ्लास्कवर, टिंब होतं.

ब्लीच पडल्यावर पेशी मिनिटभरही राहत नाहीत. तरी मी वेड्यासारखी तो फ्लास्क पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरून बसले.

मंगळवारी ताई आल्या, हातात प्रसादाचा डबा. मी एका दमात सांगून टाकलं. त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं ओरडतील, आणि खरं सांगते, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फेकाना पहिले दखं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"बघितलं होतं ना ताई. म्हणूनच तर..."

"नही," त्या म्हणाल्या. "तू वळखलं. दखं नही."

एवढंच. मग उठल्या, प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि पुढच्या आठवड्याच्या ऑपरेशनची यादी मागवली. रविवारी रिक्षात बसून मी मास्तरांना जे जे ऐकवलं होतं, ते सगळं एकेक करून मला आठवलं.

त्यानंतर काही वर्षं हे काम असंच चाललं, सुट्टीच्या वेळात, उभ्या उभ्या. मी त्यात पूर्ण ओढली गेले. पाप फेडायला म्हणा, नाहीतर नाद लागला म्हणा. कधी फ्लास्कमध्ये बुरशी व्हायची, कधी पेशी चिकटायच्याच नाहीत, कधी सर्जन गडबडीत दोन्ही जागांचं अस्तर एकाच नळीत टाकायचे आणि ताई तसलीच नळी हातात घेऊन थेट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या, सर्जन बाहेर येईपर्यंत. आडव्या होऊन जिना उतरायच्या, आडव्या होऊन चढायच्या. पुढे पुढे सर्जनच त्यांना पाहिलं की दोन बोटं वर करून दाखवायचे: दोन नळ्या, विसरलो नाही. सरांनीही हळूहळू घुसखोर हा शब्द सोडला. एकदा त्यांनी स्वतःहून विचारलं, "बेन, पेली अस्तरवाळी केम छे?" त्या दिवशी ताईंनी सगळ्यांना लोचो खाऊ घातला.

मग एक दिवस त्यांचा फोटो बिघडला.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे लावला. गादी जवळजवळ संपली होती. आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही म्हणाले. घरात एकदम सगळे मऊ झाले. जावा डबे घेऊन आल्या. मास्तरांनी स्वतः जाऊन कमोडची खुर्ची आणली. आणि ताई? मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "फोटो आते बिघडना," त्या म्हणाल्या. "गुडघा तर तव्हयपासून दुखस. तव्हय कोणी डबा नही आणा."

ऑपरेशनला त्यांनी होकार दिला, पण आपलं अस्तर अभ्यासात घ्यायचं या अटीवर. आपल्याच लॅबला आपला गुडघा! कमिटीतून एक बाई चौकशीला आल्या, ऑफिसातून तुमच्यावर काही दबाव तर नाही ना? सर म्हणाले, दबाव आहे, पण तो आमच्यावर आहे.

आदल्या दिवशी मी वॉर्डात गेले. त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच चालीत म्हटलं, "ताई, कोठे दुखस तठे बोट ठेवा." हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. गंभीरपणे बोट ठेवलं, वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला. मी कागद काढला तर म्हणाल्या, तुला गुडघा काढता येत नाही, आण इकडे. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी स्वतः काढल्या. टिंब देताना पेन इतकं दाबलं की कागद मागून फुगला.

दुसऱ्या दिवशी दोन नळ्या वर आल्या. इतके नमुने मी कापले होते, पण हा गुडघा जिना उतरताना मी रोज पाहिला होता. काम केलं. पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटल्या की पहिली लढाई जिंकली. संध्याकाळी वॉर्डात पाऊल ठेवते तोच, सलाइन लावलेल्या हाताने मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "चिकटल्या का?"

"ताई, आजच टाकल्यात. उद्या कळेल."

"मंग आठे काय करस? जाय, दख."

अडीच महिन्यांनी त्या कामावर परतल्या. त्या दिवशी लिफ्ट चालू होती, तरी त्या जिन्याने आल्या. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा खाली गेल्या, का ते मला कळेना, म्हणून मागे गेले. त्या तिसऱ्या मजल्यावरून समोर तोंड करून उतरत होत्या. कठड्याला फक्त एक हात. खाली पोचल्यावर वर बघून म्हणाल्या, "दखं का?"

दखं, ताई. नीट दखं.

मग हूडसमोर बसून त्यांनी आपल्याच पेशी पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मी विचारलं, फरक वाटतो का? "माले विचारू नको," त्या म्हणाल्या. "मना गुडघा, मी काय सांगसू? ज्याले माहीत नही, त्याले दखाड." हे त्यांचं विज्ञान होतं, आणि कुठल्याही पुस्तकातल्याइतकंच चोख होतं. आणखी काही पेशंटचे जोड पूर्ण झाले की सगळे नमुने, टिंब कुठलं हे न सांगता नुसत्या नंबरांवर, सूज आणणारी द्रव्यं मोजायला जाणार होते. ताईंना तो दिवस हवा होता. त्या दिवशी मास्तरांना लॅबमध्ये आणायचं त्यांनी ठरवलं होतं.

आषाढात एका सकाळी घरी चहा करताना त्यांना मेंदूचा झटका आला. दोन दिवस दवाखान्यात होत्या. बोलल्या नाहीत. गेल्या.

गुडघ्याशी त्याचा काही संबंध नव्हता, असं सगळे म्हणाले. असेल. मी स्मशानातून घरी आले, अंघोळ केली आणि लॅबमध्ये गेले, कारण तो मीडियम बदलायचा दिवस होता. ताई गेल्या होत्या आणि त्यांच्या पेशी सदतीस अंशांच्या उबेत, गुलाबी मीडियमखाली जिवंत होत्या, वाढत होत्या. हे वाचायला सोपं वाटत असेल, करायला नव्हतं. मी हूडमध्ये हात घालून खूप रडले. ग्लोव्ह घातलेले असताना डोळे पुसता येत नाहीत.

तेराव्यानंतर मास्तर त्यांच्या वस्तू न्यायला आले. चपला, चष्म्याचं घर, भाकरीचा डबा, स्टुलावरची उशी. एकेक करून पिशवीत भरल्या. निघताना ते म्हणाले, "येतो पोरी," आणि वळले.

आता जे केलं ते नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "मास्तर, पहिले दखा."

ते थांबले. हा शब्द त्यांनी ओळखला असणार. मी इन्क्युबेटरमधून दोन फ्लास्क काढले, काही न सांगता पहिला मायक्रोस्कोपखाली ठेवला. एवढंच म्हटलं की या पेशी आहेत. मास्तरांनी चष्मा काढून डोळा लावला. आयुष्यभर लूमवरून उतरणाऱ्या कापडावर नजर ठेवलेला माणूस. त्यांना पेशी बिशी ठाऊक नव्हतं, पण बघायचं कसं ते ठाऊक होतं. घाई केली नाही.

"तार सरळ शेतस," ते म्हणाले. "चांगला माल शे."

मी दुसरा ठेवला. या वेळी ते जास्त वेळ वाकून राहिले. फ्लास्क थोडा सरकवायला सांगितला. परत पाहिलं.

"यामा बिघाड शे," ते म्हणाले. "तारवर तार चढी गयी. आठे गुंता, आठे गुंता. हाई कोनं शे?"

एका माणसाच्या नजरेला पुरावा म्हणत नाहीत. एका जोडावरून काही सिद्ध होत नाही. आकडे यायचे आहेत, सर त्यावर दहा शंका काढतील आणि काढायलाच हव्यात. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण ज्याला माहीत नाही त्याला दाखव, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी दाखवलं होतं.

मी फ्लास्क उचलून त्यावरची चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. रांगोळीच्या हाताने काढलेला गुडघा, वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला दाबून दिलेलं टिंब. बायकोचं अक्षर माणूस ओळखतो, तसं चित्रही ओळखत असेल.

"टिंब आहे तिथे ताईंनी बोट ठेवलं होतं," मी म्हटलं.

मास्तर उशी नसलेल्या त्या स्टुलावर बसले.  मग फ्लास्क माझ्या हातातून आपल्या हातात घेतला.

"ती सांगे ते खरं व्हतं," ते म्हणाले.

आणि त्यांनी आपलं बोट त्या टिंबावर ठेवलं. ठेवून तसेच बसून राहिले. फ्लास्क इन्क्युबेटरबाहेर फार वेळ ठेवायचे नसतात, पेशींना थंडी बाधते. मी तो परत मागितला नाही.